सायकलस्वाराची वाट

बेळगावच्या वडगाव उपनगरात यंत्रमागांचा खडखडाट सुरू होण्याच्या सुमारास कॅरिअरला जेवणाचा डबा बांधून उद्यमबागेतील कारखान्याकडे निघालेला कामगार हा या शहराचा जुना नागरिक आहे. त्याने सायकल हौसेखातर घेतलेली नाही. रोजच्या मजुरीत पेट्रोल वाटेकरी नको, एवढाच त्याचा हिशेब. आता पेट्रोलचे दर आणि डॉक्टरांचा सल्ला यांमुळे कचेरीत जाणारा एखादा मध्यमवर्गीयही त्याच्या जोडीला येतो. या नवागताला पहिल्या आठवड्यात येणारा अनुभव शहराच्या कारभाऱ्यांनी ऐकून घेण्याजोगा आहे.

त्याचे पाय चार दिवसांत सरावतात; मनातील धास्ती मात्र जाता जात नाही. हमरस्ता टाळून आतल्या गल्ल्यांतून जावे, उभ्या मोटारीपासून हातभर दूर राहावे, कारण तिचे दार केव्हा उघडेल याचा नेम नाही. वळण्यापूर्वी हात दाखवावा, आषाढाच्या झडीत डबक्याखाली खड्डा आहे असेच समजावे, हे धडे तो हळूहळू शिकतो. रात्री पुढे दिवा व मागे लाल परावर्तक हवाच, आणि उलट्या दिशेने येण्याचा मोहही त्याने आवरलाच पाहिजे. परंतु शहराशी जुळवून घेण्याची सारी जबाबदारी रस्त्यावरील सर्वांत दुबळ्या प्रवाशानेच वाहावी काय?

वाहनांपेक्षा माणसांची ये-जा महत्त्वाची, हे तत्त्व २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने मान्य केले आहे. सायकलींचे शहर म्हणून एके काळी मिरवणाऱ्या पुण्याने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. बेळगाव तर जानेवारी २०१६ मध्ये निवडलेल्या पहिल्या २० ‘स्मार्ट’ शहरांपैकी एक. त्या मोहिमेची मुदतही मार्च २०२५ मध्ये सरली. कागदावर कोठेच उणीव नाही. मात्र रंगवलेल्या मार्गिकेवर मोटारी उभ्या राहू लागल्या की तो रंग व्यर्थ होय.

हॉलंड आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो, पण ते भाग्य त्याला आयते लाभलेले नाही. १९७१ या एका वर्षात तेथे रस्त्यांवर चारशेहून अधिक मुले दगावली. संतप्त पालक रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईने सरकारचेही डोळे उघडले आणि मग रस्ते बदलले. आपण तेवढ्या बळींची वाट पाहावी काय?

आमची सूचना साधी आहे. वडगाव ते उद्यमबाग या एकाच मार्गावर प्रारंभ करावा. पाळ्यांच्या वेळी कडेला मोटारी उभ्या करण्यास मनाई, त्याच वेळेत अवजड वाहनांना बंदी, शाळांपाशी वेगाला लगाम आणि पावसाळ्यापूर्वी रस्त्याच्या कडांची डागडुजी, एवढे झाले तरी पुष्कळ. त्यास कोट्यवधींचा निधी लागत नाही. महापालिका व पोलीस खाते यांचा निर्धार लागतो.

पहाटे भोंगा वाजवीत सायकलीवरून पाव पोचवणाऱ्या पोदेराला गोव्यात कोणी अडथळा समजत नाही. त्याची वाट पाहिली जाते. वडगावच्या कामगारालाही तोच मान मिळाला पाहिजे. सकाळी भरला डबा घेऊन निघालेला माणूस संध्याकाळी रिकामा डबा घेऊन सुखरूप घरी परतावा, याहून वेगळी कसोटी शहराच्या प्रगतीला कशाला हवी?