पैसा सरकारचा, दवाखाना कोणाचा?

महाराष्ट्रात गेल्या दशकभरात एक मत इतके रुजले आहे की त्याची शहानिशा करण्याची गरजच कोणाला वाटत नाही. सरकारने दवाखाने चालवायच्या फंदात पडू नये, गरिबाच्या हातात विम्याचे कार्ड द्यावे, तो चांगल्या खासगी रुग्णालयात जाईल आणि बिल सरकार भरेल, असे ते मत. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, तिला केंद्राच्या आयुष्मान भारतची जोड मिळाली, आणि आता राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण जाहीर झाले आहे. हृदयशस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार या योजनेमुळे कित्येक घरांच्या आवाक्यात आले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. माझा आक्षेप योजनेला नाही. सरकारी रुग्णालयाची जागा ती घेऊ शकेल, या समजुतीला आहे. रुग्णाच्या खिशाच्या बाजूने पाहिले की ती टिकत नाही.

आधी आकडे पाहू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, प्रसूती वगळता रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये होता. फरक सातपटींहून जास्त. धर्मादाय आणि न्यासांची रुग्णालये हा मधला मार्ग आहे असे मानणाऱ्यांनी त्याच पाहणीतला तिसरा आकडाही वाचावा. तिथला सरासरी खर्च २४,४५२ रुपये, म्हणजे खासगीच्याच शेजारचा. आपल्या राज्यात तर मुंबई उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार २००६ पासून धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. तरीही डिपॉझिटसाठी नातेवाइकांची धावपळ चुकत नाही. आणि सरकारी रुग्णालयातले ४,४५२ रुपये तरी कुठून येतात? केसपेपरच्या किमतीतून नव्हे. 'बाहेरून आणा' म्हणून हातात दिलेल्या औषधांच्या चिठ्ठीतून आणि बाहेर करून घ्यायला सांगितलेल्या तपासण्यांतून त्यातला मोठा भाग येतो. हा खर्च सरकारी व्यवस्थेच्या स्वभावातला नाही, तिच्या उपासमारीतला आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. सरकारी उपचार स्वस्त नसतात, त्यांची किंमत करदाता भरतो आणि रुग्णाला ती दिसत नाही, एवढेच. आक्षेपात तथ्य आहे. डॉक्टरचा पगार, इमारत, वीज, यंत्रे यांचा खर्च वरच्या सरासरीत धरलेला नाही. पण कर सगळ्यांकडून, आजारी नसतानाही, थोडाथोडा गोळा होतो. बिल मात्र आजारी माणसाकडून, त्याची मजुरी बुडालेली असताना, एकरकमी वसूल होते. शेतमजूरही साबणापासून चपलेपर्यंत खरेदी करताना कर भरतोच. त्याने भरलेल्या पैशातून उभी राहिलेली खाट त्याला मिळणे हा त्याचा हक्क ठरतो. शिवाय सरकारचा हा खर्च फार नाही. २०२१-२२ मध्ये, कोविडच्या वर्षात, केंद्र आणि राज्ये मिळून तो सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. तो २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये दिले होते. एवढ्या तुटपुंज्या पैशात सरकारी रुग्णालये दाखल होणाऱ्या शंभरातल्या सुमारे बेचाळीस रुग्णांना सांभाळतात. मुलांचे लसीकरण जवळजवळ सगळे त्यांच्याच माथी आहे, आणि साथ आली की पहिला भारही त्यांच्यावरच पडतो.

दुसरा आक्षेप स्पर्धेचा. रुग्णालये वाढली की दर उतरतील आणि दर्जा सुधारेल, असे सांगितले जाते. साडी किंवा मोबाईल घेताना गिऱ्हाईक चार दुकाने फिरते. छातीत कळ आलेला माणूस चार दुकाने फिरत नाही. आपल्याला कोणती तपासणी हवी हे त्याला ठाऊक नसते, ते सांगणारा डॉक्टरच विकणाराही असतो. वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, हे अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच मांडले होते. आपल्याकडचा पुरावा प्रसूतिगृहात सापडतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सरकारी संस्थांतल्या प्रसूतींपैकी १४.३ टक्के सिझेरियनने झाल्या, खासगीत ४७.४ टक्के. खासगीत गुंतागुंतीच्या केसेस जास्त जातात म्हणावे, तर तालुक्याहून 'पुढे न्या' म्हणून पाठवलेल्या बाया बहुधा जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजातच पोहोचतात. हा फरक केवळ बायकांच्या शरीरातून आलेला नाही, दर आकारण्याच्या पद्धतीतूनही आलेला आहे. औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा आढळला. २०१७ मध्ये औषधी लेप असलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर आली, ती रुग्णालयांच्या स्पर्धेमुळे नाही, सरकारच्या आदेशामुळे. कोविडच्या साथीत, मे २०२० मध्ये, महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा ताब्यात घेऊन खाटेच्या प्रकारानुसार दिवसाला ४,०००, ७,५०० आणि ९,००० रुपये असे दर ठरवून दिले, तरी पीपीई किट आणि महागडी औषधे त्या दराबाहेर राहिली आणि बिले तपासायला लेखापरीक्षक नेमावे लागले.

मग विमा हाच तोडगा, असे म्हणणाऱ्यांकडे एक बळकट आकडा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्हच आहे. पण त्याच काळात सरकारी खर्चाचा वाटा २८.६ वरून ४८ टक्क्यांवर गेला, आणि त्या सरकारी खर्चात विम्याचे हप्ते सोडून लसी, दवाखाने, औषधे असे पुष्कळ काही आहे. छत्तीसगढमधल्या घरोघरच्या पाहण्यांवर आधारलेल्या एका अभ्यासात तर आयुष्मान भारतमध्ये नाव असल्याने रुग्णालयातला खिशातला खर्च घटलेला दिसला नाही. खर्च ठरत होता तो रुग्ण सरकारी दवाखान्यात गेला की खासगीत, यावर. याचे कारण समजण्यासारखे आहे. पॅकेजचा दर ठरलेला असतो, रुग्णालयाला तो कमी वाटतो, आणि फरक औषध, तपासणी किंवा 'वरचे' म्हणून रुग्णाकडून घेतला जातो. रुग्णालयात बसलेला योजनेचा आरोग्यमित्र कागद पुरे करून देऊ शकतो, डॉक्टरच्या निर्णयात हात घालू शकत नाही. शिवाय मधुमेह, रक्तदाब, दमा यांच्या रोजच्या गोळ्या या योजनांच्या कक्षेत येतच नाहीत. दाखल न होता घेतलेले बहुतेक उपचार कार्डावर मोफत होत नाहीत, आणि महिन्यामागून महिना घर पोखरणारा खर्च नेमका तोच असतो.

सगळ्यात जड आक्षेप शेवटचा आहे. सरकारी रुग्णालयात माणूस मरतो, म्हणून लोक कर्ज काढूनही खासगीत जातात. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेर २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात अर्भके होती. त्याआधी ऑगस्टमध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात १८ मृत्यू झाले. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ च्या आगीत १० बाळे गेली. या घटनांचा बचाव होऊ शकत नाही आणि मी तो करणार नाही. पण त्यांतून दवाखाने सोडून द्यावेत असा निष्कर्ष काढणे म्हणजे ज्यांच्याकडे दुसरा दवाखानाच नाही त्यांना वाऱ्यावर सोडणे. नांदेडला येणारा रुग्ण आजूबाजूच्या जिल्ह्यांतून, बहुधा खासगीतले पैसे संपल्यावर आणि अवस्था बिघडल्यावर येतो. राज्यातल्या सरकारी आरोग्य संस्थांत डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ या तिन्हींचा तुटवडा आहे, असे कॅगच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालात नोंदलेले आहे. औषधखरेदीची व्यवस्थाही बदलत राहिली: ती आधी सरकारच्या हाफकिन महामंडळाकडे दिली गेली, मग २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाकडे. तमिळनाडूने हेच काम नव्वदच्या दशकात एका महामंडळाकडे सोपवले आणि पुढे चालू ठेवले.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. हा निर्णय चांगला आहे, पण फार्मसीच्या खिडकीत औषध नसेल तर माफ झालेल्या शुल्काच्या कित्येक पट रक्कम रस्त्यापलीकडच्या मेडिकलमध्ये मोजावी लागते. म्हणून आरोग्याच्या अंदाजपत्रकातला पुढचा वाढीव रुपया विम्याच्या हप्त्याकडे जाण्याआधी रिक्त पदे भरण्याकडे, वर्षभराच्या औषधसाठ्याकडे आणि तालुक्याच्या प्रयोगशाळेकडे गेला पाहिजे. योजनेतल्या खासगी रुग्णालयाने रुग्णाकडून वरचे पैसे घेतले, तर ते परत करायला लावून त्याला यादीतून काढले पाहिजे. २०२१ मध्ये सुधारलेल्या नर्सिंग होम नियमांप्रमाणे दरपत्रक दर्शनी भागात लागले आहे की नाही, हे पाहण्याचे काम आरोग्य अधिकाऱ्यांचे आहे, बिल भरायला निघालेल्या नातेवाइकाचे नाही.