कमानपाट्यांची उपेक्षा

रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळा सरला की रस्त्यांवरील खड्ड्यांची चर्चा यथासांग होते. ते खड्डे प्रत्यक्ष सोसणाऱ्या कमानपाट्यांची चर्चा मात्र गॅरेजबाहेर येत नाही. जयगड बंदरात उतरलेला माल, खाणीतला जांभा, मिरकरवाड्याची मासळी हे सारे वाहणाऱ्या जड ट्रकांचा भार पोलादाच्या एकावर एक रचलेल्या काही पट्ट्यांवर असतो. या पट्ट्या केवळ धक्के झेलतात असे नव्हे. बहुतेक ट्रकांत अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवण्याचे कामही मुख्य पाट्याचेच. तो तुटला की अ‍ॅक्सल सरकतो, ट्रक तिरका चालू लागतो, आणि आंबा घाटाच्या वळणावर ब्रेक दाबल्यावर तो कोठे जाईल हे चालकाच्या हाती उरत नाही.

पाटा अवचित तुटला, असे म्हणण्याची प्रथा आहे. ती सोयीची असली तरी खरी नाही. समुद्राची खारी हवा आणि मासळीच्या गाडीतून ठिबकणारे बर्फाचे पाणी यांनी पोलादावर गंजाचे बारीक खळगे पडतात. तेथेच केसासारखी चीर उगवते आणि प्रत्येक हेलकाव्यासरशी वाढत जाते. यू-बोल्ट सैल झाले, तर पाटा सेंटर बोल्टच्या भोकापाशी, म्हणजे मुळातच दुबळ्या जागी, दगा देतो. हे ओळखण्यास यंत्रशाळेची गरज नाही. ट्रक सपाट जागी उभा करून, चाकांखाली दगड लावून, दोन्ही बाजूंनी चॅसिस व अ‍ॅक्सल यांमधील अंतर मोजावे. एक बाजू बसलेली असेल तर लगेच कळते. पाट्यावरील गंजाची आडवी रेघ, सरकलेल्या पाट्याने घासून चकाकणारी कड, पहारीने हलवताच खुळखुळणारी शॅकल पिन, झिजलेले बुश ही सारी लक्षणे विजेरीच्या उजेडात दिसतात. नवे पाटे बसविल्यावर भरल्या गाडीची पहिली खेप होताच यू-बोल्ट पुन्हा आवळणे तर अत्यावश्यकच.

त्याऐवजी सर्रास दिसणारा उपाय म्हणजे जादा पाटा घालणे. त्याने ट्रक बसत नाही, म्हणून तो पेलतो आहे असा भ्रम होतो. पण चॅसिस, टायर आणि ब्रेक पूर्वीचेच राहतात. शासनाने 2018 साली चार टायरांच्या एका अ‍ॅक्सलची भारमर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली. वाहतूकदारांची निकड तीत पुरेशी मानली गेली आहे. त्यापलीकडचा माल पाट्यांच्या जोरावर नेणे हे दुरुस्तीच्या नावाखाली केलेले साहसच होय.

योग्यता प्रमाणपत्र खिशात आहे, एवढ्यावर विसंबणेही व्यर्थ. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू वाहनास ते दोन वर्षांसाठी आणि त्याहून जुन्या वाहनास एका वर्षासाठी मिळते. पाट्याची चीर मात्र काही खेपांतच वाढू शकते. तपासणी रोजची हवी आणि त्या वेळाची मजुरी चालकाला मिळायला हवी. खेपेवर पोट असलेल्या माणसाने अर्धा तास गाडीखाली शिरावे, ही अपेक्षा फुकट ठेवता येत नाही. जादा भाराबद्दल 2019 पासून वीस हजार रुपये आणि पुढील प्रत्येक टनास दोन हजार रुपये दंड आहे. तो केवळ ट्रक चालवणाऱ्यासाठी नसून तो चालवू देणाऱ्यासाठीही आहे, याकडे सहसा दुर्लक्ष होते. तेव्हा परिवहन खात्याने हातखंब्याच्या नाक्यावर चालकाला अडविण्याबरोबरच माल भरला जातो त्या खाणींच्या आणि गोदामांच्या दारांतही वजनकाटा व विजेरी घेऊन उभे राहावे, आणि पाटा फाटलेला ट्रक तेथूनच रिकामा परत पाठवावा.