धून कोणाची, ते सांगा

आकाशवाणीच्या परभणी केंद्राची सकाळची सभा सुरू होताना तंबोऱ्यावर व्हायोलिनची जी धून वाजते, ती जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या जुन्या श्रोत्यांना तोंडपाठ आहे. दिवसभरात अभंग लागला की निवेदक गायकाचे नाव सांगतो, अभंग कोणाचा तेही सांगतो. धून मात्र निनावी वाजते. ती ज्यांची मानली जाते, त्या वॉल्टर कॉफमन यांचे नाव श्रोत्यांना कळले पाहिजे, आणि ते सांगणे आकाशवाणीचे कर्तव्य आहे.

कॉफमन जन्मले १९०७ साली, बोहेमियातल्या कार्ल्सबाडला, ज्यू कुटुंबात. संगीत शिकले बर्लिनला. प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी माहलरच्या संगीतावर प्रबंध लिहिला. पण आपले मार्गदर्शकच नाझी युवक संघटनेचे पुढारी आहेत हे कळताच पदवी नाकारली. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनीत ज्यू संगीतकारांना काम मिळेनासे झाले. १९३४ मध्ये कॉफमन मुंबईला आले. मुंबईच का, तर इथला व्हिसा सहज मिळत होता.

आल्यावर त्यांनी हिंदुस्थानी संगीताच्या तबकड्या ऐकल्या. काहीच कळेना! हे त्यांनी पत्रांतून मोकळेपणाने लिहिले आहे. पण न कळणारे संगीत कमअस्सल ठरवून हा माणूस मोकळा झाला नाही. ते कळेपर्यंत शिकायचे, असे त्याने ठरवले. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात तो व्हायोलिनवादक मेहली मेहतांच्या (वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता यांचे वडील) साथीने पाश्चात्त्य संगीताच्या बैठकी करी, चित्रपटांना संगीत देई. १९३७ पासून मुंबई रेडिओवरच्या पाश्चात्त्य संगीताचा विभाग कॉफमन यांच्याकडे होता. धूनही त्याच सुमाराची. ती एकदा लक्ष देऊन ऐकावी. खाली तंबोरा, वर शिवरंजनीचे सूर, आणि त्यातला तो कोमल गांधार. पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात ते संगीताचे प्राध्यापक झाले आणि उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९६८ मध्ये निघाला. आपल्या रागांचा एवढा अभ्यास त्यांनी हयातभर केला.

मागे राहिलेल्यांचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. कॉफमन यांची पत्नी गेर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्काची भाची. काफ्काच्या तिन्ही बहिणी नाझींनी मारल्या. त्यांतली थोरली, एली, ही गेर्टीची आई. जावई मुंबईत धून बांधत होता त्यानंतर पाच-सहा वर्षांतच सासूला प्रागहून पोलंडला नेले गेले.

मुंबईने त्यांना आसरा दिला, म्हणून आपण फार पाठ थोपटून घेण्याचेही कारण नाही. १९३९ मध्ये युद्ध पेटताच हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सरकारने नाझींपासून जीव वाचवून आलेल्या जर्मन ज्यूंनाही ‘शत्रुदेशाचे नागरिक’ ठरवून अहमदनगरच्या छावणीत डांबले होते. सुटका होईपर्यंत नाझी आणि ज्यू एकाच काटेरी कुंपणाआड! हे आपल्याच महाराष्ट्रात घडले आणि शाळेच्या पुस्तकांत त्याचा मागमूस नाही.

कॉफमन मुंबईत होते त्या काळात परभणी निजामाच्या राज्यात होती. ते १९४६ मध्ये हिंदुस्थान सोडून गेले. मराठवाडा मोकळा झाला १९४८ मध्ये. आपली धून इथल्या रानारानांत वाजते आहे, हे त्यांनी कधी पाहिले नाही.

१ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस. त्या सकाळी धून थांबताच निवेदकाने कॉफमन यांचे नाव घ्यावे, ते कुठून आणि का आले हे दोन वाक्यांत सांगावे, आणि संध्याकाळी त्यांच्यावर पंधरा मिनिटांचा कार्यक्रम व्हावा. परभणी केंद्राने यासाठी दिल्लीच्या परिपत्रकाची वाट पाहू नये.