दोष म्हातारीच्या जिभेचा?

'साठीनंतर कोलेस्टेरॉल वाढतं ते जिभेवर ताबा नाही म्हणून. गोळी स्वस्त आहे, चालायला पैसे पडत नाहीत. कमी आहे ती शिस्तीची!' ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत एका विद्वानांनी परवा हा निकाल देऊन टाकला आणि टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे बहुतेक पेन्शनर होते, हेही नोंदवायला हवं.

जिभेचं आधी उरकतो. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृतच तयार करतं. ताटातून त्रास होतो तो मुख्यतः संपृक्त चरबीचा, आणि घरात कोणतं तेल यावं हे म्हातारीला कोण विचारतं? २०२२ च्या दिवाळीत सरकारने १०० रुपयांत 'आनंदाचा शिधा' वाटला, त्यात १ लिटर पामतेल होतं. पामतेलातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त. इथे ताबा कुणाच्या जिभेवर ठेवायचा?

चालण्याबद्दल एवढंच, की जन्मभर भातलावणी केलेल्या गुडघ्यांना आधी विचारावं.

खरा संताप येतो तो 'रोज एक गोळी, त्यात काय अवघड?' या वाक्याचा. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, घेतल्याने बरं वाटत नाही, सोडल्याने दुखत नाही. सोडली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा होता तिथे. म्हणजे वर्षानुवर्षं खंड पडता कामा नये. त्यासाठी आणून देणारं माणूस लागतं, हातात पैसा लागतो, नाव वाचता यावं लागतं. खेड्यात एकट्या राहणाऱ्या एका आजींची गोळ्यांची पिशवी मी ओतून पाहिली. दुकानदाराने पाकिटं कात्रीने कापून पाच-पाच गोळ्या दिलेल्या. औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावर, म्हणजे दुकानातच. पाचच का, तर श्रावणबाळ योजनेचे १५०० रुपये अजून जमा व्हायचे होते. आजी गोळ्या रंगावरून ओळखतात. कोलेस्टेरॉलची पांढरी. पुढच्या खेपेला दुकानात दुसऱ्या कंपनीची आली, ती पिवळी. ही आपली नव्हे, चुकून आली असेल, म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली. चाकणला कामाला असलेला मुलगा फोनवर विचारतो, "आई, गोळ्या घेतेस ना?" त्या हो म्हणतात, आणि ते खोटंही नाही, बाकीच्या घेतातच. आता या बाईंना शिस्त शिकवायला विद्वानांनी जरूर जावं. एसटीने जावं.

तपासणीचीही तीच गत. तिशीपुढच्यांची जी सरकारी तपासणी गावागावांत होते, तिच्यात रक्तदाब आहे, साखर आहे, कर्करोग आहे, कोलेस्टेरॉल नाही. त्यासाठी तालुका गाठायचा, तोही बहुतेक ठिकाणी दहा-बारा तास उपाशी. पंचाहत्तरीपुढे एसटीला तिकीट पडत नाही हे खरं, पण साखरेची गोळी घेणाऱ्या बाईने रिकाम्या पोटी थांब्यावर किती वेळ बसायचं?

हा वाद जुनाच आहे. क्षयाच्या रुग्णांनाही हेच ऐकवलं जायचं: औषध अर्धवट टाकतात, बेजबाबदार लोक. पुढे गोळ्या गावात, कुणाच्या तरी देखरेखीखाली फुकट मिळू लागल्या, आणि तीच माणसं कोर्स पुरा करू लागली. माणसं बदलली नव्हती. तेव्हा दोष देणाऱ्यांपैकी कुणी शब्द मागे घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्यांनी फक्त आजार बदलला.

मग करायचं काय? उपकेंद्रातून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, अख्ख्या पाकिटात, आणि शक्यतो दर वेळी त्याच रंगाच्या. रक्त गावातच घ्या, नमुना तालुक्याला जाऊ दे. महिन्यातून एकदा आशाताईंनी पिशवी ओतून पाहावी, आणि त्या कामाचा वेगळा मोबदला त्यांच्या खात्यात वेळेवर पडावा.