शनिवारचा सामना

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने जून 2024मध्ये कायदा केला, की सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा-महाविद्यालयांच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञा टांगायच्या. तक्ता निदान 11 इंच बाय 14 इंचांचा, अक्षर ठळक. केंटकी राज्याचा असाच कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1980 सालीच मोडीत काढला होता, तेव्हा कोर्टकज्जे ओघानेच आले. ते वकील बघून घेतील. आमची शंका साधी आहे: तक्ता टांगणाऱ्यांना स्वतःला तो लागू आहे का?

तक्त्यावर शब्बाथ पवित्र पाळण्याची आज्ञा आहे. शब्बाथ म्हणजे शनिवार, रविवार नव्हे. अलिबाग-पेणकडे हे कुणाला समजावून सांगावे लागत नसे. तिथले बेने इस्रायली यहुदी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून लोकांनी त्यांचे नावच ‘शनवार तेली’ पाडले. लुइझियानात शनिवारी फुटबॉल असतो. राज्य विद्यापीठाच्या बॅटन रूजमधल्या मैदानात लाखभर माणूस जमतो. आणि त्याच विद्यापीठाच्या वर्गांत हा तक्ता लागायचा! जुन्या करारात, गणनाच्या पुस्तकात, शब्बाथाच्या दिवशी लाकडे गोळा करणाऱ्याला दगडमार करून मारल्याची हकीकत आहे. नुसत्या सरपणाला ही शिक्षा, मग मैदानाबाहेर पेटलेल्या शेगड्यांचे काय? त्यांवर भाजले जाणारे डुक्कर लेवीयच्या अकराव्या अध्यायाने वर्ज्य केले आहे. ज्याच्यावर अवघे राज्य जीव टाकते तो झिंग्यासारखा क्रॉफिशही त्याच अध्यायात निषिद्धांत बसतो.

यावरचे उत्तर ठरलेले आहे. नियमशास्त्रातले विधी आणि खाण्यापिण्याचे निर्बंध ख्रिस्तानंतर संपले, नीतीच्या आज्ञा तेवढ्या राहिल्या. थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात नीती, विधी आणि न्यायनिवाडा अशी या नियमांची वर्गवारी व्यवस्थित मांडली. उत्तर अगदीच टाकाऊ नाही. पण शब्बाथ तर त्या दहांतच आहे. ख्रिस्ती मंडळींनी पुनरुत्थानाची आठवण म्हणून रविवार धरला, 321 साली सम्राट कॉन्स्टंटाइनने त्या दिवशी विश्रांतीचा हुकूम काढला, आणि शनिवार मागे पडला. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्टांसारखे काही पंथ तेवढे अजून शनिवार धरून आहेत. म्हणजे खुद्द दगडी पाट्यांवरच्या आज्ञांनाही हात लागलाच.

असा हात लावावा; तो कसा लावायचा याची रीत ख्रिस्ती परंपरेपाशी आहे. परराष्ट्रीयांतून आलेल्या शिष्यांची सुंता करायची का, यावर इसवी सन 50च्या सुमारास यरुशलेमात वाद झाला. निवाडा करणारे प्रेषित स्वतः सुंता झालेले यहुदी. त्यांनी बाहेरून आलेल्यांच्या पाठीवरचे ओझे उतरवले. मूर्तींचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म एवढेच वर्ज्य ठेवले. पुढे 1442 साली फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने त्यातलाही रक्ताचा निर्बंध संपल्याचे सांगितले, तेही कारण देऊन: यहुदी आणि परराष्ट्रीय यांच्यात फूट पडू नये म्हणून तो होता, आता ते कारण उरले नाही. गोव्यात सणासुदीच्या सोरपोतेलात डुकराचे रक्त पडते, तेव्हा कोणी पाद्री नाक मुरडत नाही.

लुइझियानात सगळे उलटे चालले आहे. आपला शनिवार कधीच सोडवून घेतलेली माणसे तोच नियम दुसऱ्यांच्या पोरांच्या डोळ्यांपुढे टांगताहेत. ज्यांचा तो मूळचा, ते ज्यू पालक कोर्टात विरोधात उभे राहिले, आणि त्यांच्या शेजारी ख्रिस्ती पाळकही.

कायदा करणारे इतिहासाचे कारण पुढे करतात. या आज्ञा म्हणे अमेरिकी कायद्याचा पाया आहेत. बरे, इतिहास तर इतिहास. त्याच तक्त्यावर शेवटी शेजाऱ्याच्या दासदासींचा आणि गुराढोरांचा लोभ धरू नकोस, असे एका दमात म्हटले आहे. उसाच्या मळ्यांवर गुलाम राबवलेल्या त्या राज्यात पहिलीतले एखादे पोर बोट दाखवून बाईंना विचारील, दासी म्हणजे कोण?