कडू भाकरी

आमच्या नगर जिल्ह्यात कुणाच्या घरी मयत झाले की त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. भावकीतली माणसे आपापल्या घरून भाकरी, पिठले, नाहीतर बिनफोडणीचे वरण घेऊन येतात आणि मातीहून परतलेल्यांना बळेच दोन घास खायला लावतात. हिला कडू भाकरी म्हणतात. ती कोणी आणायची आणि कोणाची घ्यायची, यावर कोण कोणाचे हे ठरते. (जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले आहे. पण आमच्या तोंडात जन्मापासून नगर बसले आहे, वाचकांनी ते चालवून घ्यावे.)

गेल्या महिन्यात नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावी नर्सबाईंच्या मातीला जाऊन आलो. वय 84. त्यांचे मालक मास्तर 2014 सालीच गेले. दोघेही ख्रिस्ती, गावच्या देवळातल्या मंडळीचे. आमच्याकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. वाचक विचारतील, ख्रिस्ती माणसाच्या मातीचे या पानावर काय काम? तर आमचे पणजोबा आणि मास्तरांचे आजोबा हे सख्खे भाऊ. एकाच महारवाड्यातले, एकाच येसकरकीचे वाटेकरी. थोरल्याने इंग्रजांच्या राज्यात मिशनचा रस्ता धरला. धाकट्याची पोरे 1956 नंतर बाबासाहेबांच्या मागे धम्मात आली. नात्याने ती दोघे आमची चुलता-चुलती. पण सगळी वस्ती म्हणायची तेच आम्हीही म्हणायचो, मास्तर आणि बाई.

दोन घरांच्या मधे एक हापसा. त्यावर पाणी एकत्र भरले जाई, पण कडू भाकरी चालत नव्हती. मास्तरांचे वडील 1969 साली वारले तेव्हा आमच्या बाजूने एक टोपली गेली नाही. आमची जुनी माणसे म्हणायची, ह्यांनी दुधाच्या पावडरीसाठी धर्म सोडला. त्यांच्यातले काही आम्हाला अजून अंधारातले समजत. पुढे 1972 च्या दुष्काळात दोन्हीकडची माणसे एकाच कामावर खडी फोडत होती, सुकडीसाठी एकाच रांगेत उभी होती, तरी हा विषय निघाला नाही.

1988 साली आमचे आजोबा गेले. आम्ही नऊ वर्षांचे होतो. ज्वारीच्या काढणीचे दिवस, भावकीतल्या बायका दूरच्या रानात. माती झाली, माणसे ओट्यावर बसली, पण टोपली काही येईना. तेवढ्यात हापशाच्या बाजूने मास्तर आले. डोक्यावर दुरडी, वर धडपे. आत चौदा-पंधरा भाकरी आणि पातेलीभर पिठले. बाई दवाखान्यात ड्यूटीवर होत्या, म्हणून मास्तरांनी स्वतः भाकरी थापल्या होत्या. भाकरी कडेला जाड, मधे पातळ, दोन-तीन करपलेल्या. आमच्या चुलत्यांपैकी एकजण तोंड फिरवून उठला. आजी नुकती न्हाऊन ओलेत्याने बसली होती. तिने हात पुढे करून दुरडी घेतली, एका करपलेल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. मग सगळ्यांनी खाल्ला. त्यावर कोणी काही बोलले नाही. मास्तर हात धुऊन घरी गेले.

बाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. दवाखाना सात किलोमीटरवर. रात्रपाळी असली की मास्तर त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून पोचवायला जात आणि पहाटे परत आणायला जात. मधल्या रात्रीत दोन पोरांचे करणे, भाकरी, धुणे सगळे मास्तरांकडे. गावातले गडी हसायचे, बायकोच्या हाताखालचा नवरा म्हणायचे. मास्तर म्हणायचे, भाकरी थापताना पाढे पाठ होतात, तुम्हीही करून बघा. आमच्या आयाबहिणींना ही गोष्ट फार आवडायची आणि घरोघरच्या भांडणात ती दाखल्याला निघायची.

त्या दोघांचीही भांडणे होत, नाही असे नाही. मास्तरांचा गळा बेसूर. बाईंचा आवाज खणखणीत. रविवारच्या उपासनेत मास्तर मोठ्याने गायला लागले की बाई पेटी वाजवता वाजवता त्यांच्याकडे अशा बघत की ते अर्ध्या ओळीवर थांबत. घरी आल्यावर म्हणत, देवाला माझा आवाज चालतो, हिला चालत नाही.

बाईंच्या हाताने आमच्या वस्तीतली निम्मी पोरे जन्मली. आम्हीही त्यातलेच. लस टोचायला नेले नाही तर बाई दारात येऊन आईचा उद्धार करीत. बाळंतिणीच्या खाटेखाली कोयता नाहीतर बिब्बा दिसला की उचलून अंगणात फेकत. आमच्या विहारात अंधश्रद्धेवर पुष्कळ भाषणे झाली, पण घराघरातून ते सामान बाहेर काढले ते बाईंनी.

आणि मास्तरांनी काय केले, तर रात्रीचा अभ्यास चालवला. आमच्या वस्तीत खांब आले होते, घरात वीज नव्हती. देवळाच्या पडवीत एक बल्ब होता. त्याखाली पोत्यावर बसून पाचवी ते दहावीची पोरे रोज सात ते नऊ अभ्यास करीत. त्यात आमची पोरे जास्त, त्यांची कमी. मंडळीतल्या काही पंचांनी विचारले, लाइटचे बिल कोण भरणार? मास्तर पगारातून भरू लागले. आमच्याकडच्या काहींनी आवई उठवली, पोरे बाटवतील. तेव्हा बाई हापशावर आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अगं, बाटवायची असती तर जन्मली तेव्हाच बाटवली असती. माझ्याच हातात होती ना?" बायका हसल्या आणि पोरे पडवीत जात राहिली.

पडवीत बायबल निघाले नाही. पोरगा आला की "जयभीम" म्हणायचा, मास्तर "जयभीम" म्हणायचे आणि मग स्वतःचा "सलाम" करायचे. शुक्रवारी शेवटचा अर्धा तास गोष्टीचा. सावित्रीबाईंचे नाव आम्ही प्रथम तिथे नीट ऐकले. नगरला मिस फरार नावाच्या अमेरिकन बाईंची मुलींची शाळा होती, ती जोतीरावांनी पाहिली आणि मग 1848 साली पुण्यात शाळा काढली, हे मास्तर अभिमानाने सांगत. नगर म्हणजे आपले नगर, हे सांगताना टेबलावर बोट आपटत.

1995 साली आम्ही आणि मास्तरांचा मुलगा एकाच बाकावरून दहावी पास झालो. त्याला आमच्यापेक्षा मार्क जास्त. दोघेही नगरला कॉमर्सला गेलो. आम्हाला भारत सरकारची शिष्यवृत्ती आणि वसतिगृह मिळाले. त्याला दोन्ही नाही. आम्ही कारकुनी करतो, कागदाचा नियम काय असतो ते जाणतो, म्हणून सांगतो. 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशात हिंदूंखेरीज इतर धर्माच्या माणसाला जागा नव्हती. 1956 साली शिखांना घेतले. आम्हा बौद्धांना घ्यायला 1990 साल उजाडले. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. एका भावाच्या पणतवाला दाखला मिळतो, दुसऱ्या भावाच्या पणतवाला मिळत नाही. वाडा तोच, आडनाव तेच, गावातली हिणवणी तीच.

तेव्हा शहाणी माणसे मास्तरांना सांगायला आली. आजोबांची जुनी नोंद जातीची आहे, पोराच्या कागदावर हिंदू लावा, देवळात काय करायचे ते करा, कोण बघतो? असे करणारी घरे होती, त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. पोट सगळ्यांना असते. मास्तरांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "पोराला खोटं लिहायला मी शिकवलं, तर पडवीतल्या पोरांना काय शिकवू?" बाईंनी हातातल्या पाटल्या मोडल्या आणि दोन वर्षे जादा रात्रपाळ्या केल्या. तरी बारावीनंतर ओढ बसली नाही. मुलगा नगरच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागला. आज 30 वर्षे तिथे पाळ्या करतो. आम्ही बी.कॉम. होऊन टेबलाला लागलो. त्याने कधी बोलून दाखवले नाही. बाईंनी एकदाच दाखवले, आमच्या नोकरीचे पेढे हातात घेऊन. म्हणाल्या, "तुमचं झालं, बरं झालं. माझ्या पोराचं गणित तुझ्यापेक्षा चांगलं होतं." एवढे बोलून पेढा खाल्ला आणि आमच्या तोंडात एक घातला.

या प्रश्नावर आमच्या बैठकीत अजून वाद होतो. ते आले तर आपल्या वाट्यात कमी होईल, असे काहीजण म्हणतात. ही भीती पोटाची आहे, तिला हसू नये. पण धर्म बदलला म्हणून जात पाठ सोडत नाही, हे बाबासाहेबांनीच धर्मांतरित ख्रिस्ती लोकांच्या स्थितीवर लिहिताना मांडले आहे. शासनाच्या ग्रंथमालेत 1989 साली निघालेल्या पाचव्या खंडात ते आहे, विहारातल्या कपाटातून काढून वाचावे. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 साली धर्माची अट काढा म्हटले. 2022 साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. आयोगामागून आयोग बसतात. बाई तोवर थांबल्या नाहीत.

मातीचे सांगायचे राहिले. 2014 साली मास्तर गेले तेव्हा आमचे लोक आले होते, पण उपासना चालली होती तेवढा वेळ देवळाबाहेर लिंबाखाली उभे राहिले. या खेपेला बाईंची मुलगी, तीही नर्स, स्वतः लिंबाखाली आली आणि म्हणाली, "आत्या, काकू, आत चला. आई बाहेर उभं राहू देणार नाही." सगळे आत गेले. आमच्या बायका पांढऱ्या साड्यांत, त्यांच्याही पांढऱ्या साड्यांत. नगरहून आलेल्या एका ख्रिस्ती बाईने आमच्या चुलतीला विचारले, तुम्ही कुठल्या मंडळीच्या? चुलती म्हणाली, विहाराच्या. ती बाई जरा थांबली आणि सरकून जागा करून दिली.

पेटी देवळात मधोमध ठेवली होती. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीते म्हटली. टाळ आणि पेटीवर. चाल अभंगाची, त्यामुळे दुसऱ्या कडव्यापासून आमच्या बायकाही ध्रुपद धरू लागल्या. पाळकसाहेबांचे बोलणे लांबले, त्यांना बाईंची ओळख थोडी होती असे वाटले. मग दफनभूमीत मास्तरांच्या शेजारी ठेवलेल्या जागेत बाईंना ठेवले. पेटीला खांदा देणाऱ्यांत मुलाच्या मागे आम्ही आणि आमचे दोन चुलतभाऊ होतो. सगळ्यांनी मूठमूठ माती दिली.

कडू भाकरी त्या दिवशी विहाराच्या महिला मंडळाने केली. घरटी पाच भाकरी, एका घरी पिठले, एका घरी वरण. समाजमंदिरात टोपल्या मोजल्या तेव्हा सात भरल्या. 1988 साली जो चुलता तोंड फिरवून उठला होता, तो आता काठी टेकत चालतो. पहिली टोपली त्यानेच नातवाच्या डोक्यावर दिली आणि मागोमाग स्वतः गेला. बाईंच्या मुलाने टोपली उतरवून घेतली.

रात्री आम्ही तिघे ओट्यावर बसलो असताना बाईंच्या मुलीने ट्रंकेतून मास्तरांची हजेरीवही काढली. 2009 साली नजर गेल्यामुळे मास्तरांनी अभ्यास बंद केला, तोवरची नावे त्यात आहेत. कोण कुठल्या धर्माचा हा रकाना नाही. देवळाच्या पडवीची कौले आता फुटली आहेत. आमच्या विहाराच्या हॉलमध्ये ट्यूबलाइट आहेत, पंखे आहेत आणि संध्याकाळी हॉल रिकामा असतो. जूनपासून तिथे अभ्यास सुरू करायचे ठरले आहे. गणित बाईंचा मुलगा शिकवील, त्याची पाळी नसेल त्या दिवशी. विज्ञान त्याची बहीण. आठवड्याची सुट्टी आमची, म्हणून इंग्रजी आमच्याकडे आले.

आठवी ते दहावीची पाठ्यपुस्तके, नकाशे आणि एक फळा पाहिजे. ज्या वाचकांच्या घरी मुले पुढे गेली आणि पुस्तके माळ्यावर पडली असतील त्यांनी या सदराच्या नावाने कळवावे, आम्ही येऊन घेऊन जाऊ. गाईड पाठवू नयेत. मास्तर गाईड दिसले की जप्त करायचे आणि बाई त्याची पाने चूल पेटवायला घ्यायच्या.