हिरवं दिसतं म्हणून गवत चांगलं, हा गैरसमज सोडा!

मंडळी, आज थोडं गवतावर बोलू. हसू नका, दुधाचं अर्धं गणित तिथंच बिघडतंय.

आपल्याकडे नेपिअरचा प्लॉट म्हणजे काय? ठोंब लावायचे, पाणी सोडायचं, दर कापणीला युरिया फेकायचा. आठ दिवसांत रान काळंभोर हिरवं होतं आणि आपण खूश. पण हिशेब कुणी मांडलाय? एक टन वाळलेल्या वैरणीबरोबर साधारण 15 ते 20 किलो नत्र, तेवढंच किंवा जास्त पालाश आणि 2-3 किलो स्फुरद रानाबाहेर जातं. आपण परत देतो फक्त नत्र. शेणखत? ते सगळं उसाला आणि बागेला. बाकीच्याची उधारी जमीन किती वर्षं सोसणार?

जे अन्नद्रव्य सगळ्यात कमी, त्यावर पिकाची वाढ अडते. गंधक किंवा जस्त कमी असेल तर युरियाची गोणी दुप्पट करूनही उपयोग नाही. उलट पावसानं ताण दिला की जास्तीचं नत्र ज्वारी, नेपिअरच्या ताटात नायट्रेट होऊन साठतं. ते जास्त झालं की जनावराच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते. जनावर दगावूही शकतं. मग आपण म्हणतो, "वैरण बाधली."

आणि जमिनीत जे नाही ते गवतात कुठून येणार? गवतात नाही ते गायीच्या पोटात कुठून जाणार? गाय माजावर येत नाही, गाभण राहत नाही, त्यामागे स्फुरद आणि खनिजांची कमतरता हेही एक मोठं कारण असतं. मग दुकानातून मिनरल मिक्श्चर आणायचं. म्हणजे जमिनीचं वाचवलेलं दुकानात भरायचं!

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. 2010 साली केंद्रानं अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आणलं, पण युरिया त्यातून बाहेर ठेवला. आज 45 किलो युरिया 266 रुपयांच्या आसपास आणि 50 किलो डीएपी 1350. स्वस्त ते घातलं जाणारच. 2015 पासून मृद आरोग्य पत्रिका आहे, त्यात 12 बाबी तपासतात. पण वैरणीच्या तुकड्याची माती कितीजण देतात? आणि गायरानाची? तिथं तर आपण पिढ्यान् पिढ्या फक्त चारतोय आणि गोवऱ्यांसाठी शेणही उचलून आणतोय.

म्हणून येत्या ग्रामसभेत दोनच गोष्टी मागा. गायरानाची माती तपासा. आणि वैरणीच्या खताचा सल्ला माती परीक्षणावरूनच द्या. घरी एवढं करा: गोठ्यातलं थोडं शेणखत वैरणीलाही ठेवा, नेपिअरच्या जोडीला दशरथ घास किंवा चवळी लावा.

दुधाच्या दरासाठी रस्त्यावर उतरतो, ते बरोबरच आहे. पण खर्च जिथं वाढतोय, त्या मातीकडेही एकदा वाकून बघा.

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली भांडा, पण माती तपासून!